रावपुऱ्याचे घड्याळ आणि मोटारसायकलचा काटा

मोटारसायकलचा वेग दाखवणारे मीटर हँडलपाशी, डोळ्यांसमोर असते, हे आज आपण इतके गृहीत धरले आहे की एके काळी ते दुसरीकडेच असायचे असे सांगितले तर तरुण मुलांना खरे वाटत नाही. या मीटरने बराच प्रवास केला आहे. त्याचा विचार करायला मला लावले ते बडोद्याच्या रावपुऱ्याने.

काही वर्षांपूर्वी एका लग्नानिमित्त बडोद्याला गेलो होतो. गायकवाडांच्या या राजधानीत मराठी माणसाला परके वाटत नाही. रावपुरा हा जुन्या शहरातला गजबजलेला भाग. तिथे चिमणाबाई टॉवर आहे, त्याला लोक रावपुरा टॉवरच म्हणतात. महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई तंजावरच्या. १८८५ साली, ऐन तारुण्यात त्या वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ १८९६ साली हा घड्याळाचा मनोरा उभा राहिला.

तिथून थोड्या अंतरावर एका गॅरेजसमोर जुन्या विलायती बनावटीची मोटारसायकल उभी होती. तिचे मीटर मूळचे पेट्रोलच्या टाकीवर. मेकॅनिक ते काढून, लोखंडी पट्टी वाकवून हँडलवर बसवत होता. बडोद्याच्या मराठीत तो म्हणाला, "साहेब, मालक म्हणतात, काटा बघायला मान खाली घालावी लागते, तेवढ्यात समोर गाय येते."

जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हे मुळीच रुचणार नाही. त्यांच्या लेखी वस्तू जशी कारखान्यातून आली तशीच राहिली पाहिजे. त्यांचे म्हणणे चूक नाही. पण त्या मालकाची अडचण काही नवी नव्हती. ती गाडी बनवणाऱ्यांनीही पुढे ओळखली होती.

अगदी सुरुवातीच्या मोटारसायकलींना वेगाचे मीटर नव्हतेच. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने ताशी वीस मैलांची मर्यादा आली, आणि आपण किती वेगाने जातो हे कळण्याची गरज भासू लागली. त्याच सुमारास, १९०२ साली, ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने बर्लिनमध्ये वेगमापकाचे पेटंट नोंदवले. त्याची रचना साधी आहे. चाकाबरोबर एक लवचिक केबल फिरते, केबलच्या टोकाला लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोवती धातूची वाटी असते. चुंबक वाटीला स्पर्श न करता तिला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावतो, तो आपला वेग.

आता हे मीटर ठेवायचे कुठे? पूर्वीच्या अनेक गाड्यांत ते टाकीवर बसवत. टाकी सांगाड्याला पक्की जोडलेली. हँडलबरोबर ती वळत नाही, त्यामुळे केबललाही पीळ पडत नाही. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने १९३६ साली मीटर टाकीवर बसवले आणि तीच त्या गाडीची ओळख झाली. यंत्राच्या दृष्टीने जागा सोयीची, पण माणसाच्या दृष्टीने गैरसोयीची.

आपल्याकडे मद्रासला १९५५ साली एनफिल्ड इंडिया सुरू झाली. बुलेटचे मीटर हेडलाईटच्या घरातच बसवलेले असे. म्हैसूरच्या जावाचीही तीच तऱ्हा. दिवा हँडलबरोबर वळतो, म्हणून मीटरही वळे. १९८५ च्या सुमारास हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० आल्या आणि दिव्याच्या वर वेगळा डबा करून मीटर बसवण्याची पद्धत आपल्या रस्त्यांवर रुळली. टाकीची सवय मात्र पुरती सुटली नाही. २००५ साली आलेल्या बजाज ॲव्हेंजरचे मीटर हँडलपाशी होते, पण पेट्रोलचा काटा टाकीवरच.

मीटर हलवणे वाटते तितके सोपे नसते. केबलची लांबी बदलते. ती एखाद्या ठिकाणी फार वाकली की काटा थरथरतो, आणि पुढे केबल तुटतेही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे ताणत तर नाही ना, हे पाहावे लागते. पण एवढे सांभाळले तर जागा बदलल्याने आकडा बदलत नाही. चाक किंवा टायर वेगळ्या मापाचे बसवले तर मात्र आकडा खोटा ठरतो.

एवढा खटाटोप कशासाठी? साधा हिशेब करा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. टाकीकडे पाहून नजर वर आणायला एक सेकंद जरी लागला तरी तेवढे अंतर आपण न पाहता कापतो. बोरीच्या वळणावर १७ मीटरांत काय काय समोर येऊ शकते, हे गोंयकाराला वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. टाकीवरचे मीटर फक्त चालवणाऱ्याला दिसायचे. ते वर आले आणि मागे बसलेल्यालाही खांद्यावरून दिसू लागले. आमच्या गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या गाडीवरचा पायलट अनोळखी माणसाला मागे बसवून नेतो. त्या माणसाला काटा दिसणे ही लहान गोष्ट नाही. माझी आई मागे बसली की काटा पन्नासाकडे झुकताच पाठीवर हात पडायचा, "सवकास रे!" माझा वेग तेव्हा माझ्या एकट्याचा राहत नसे. रावपुऱ्याच्या घड्याळानेही हेच केले नाही का? ज्याच्या खिशात घड्याळ त्याचीच वेळ, ती उंचावर चढली आणि रस्त्यावरच्या सर्वांची झाली.

सरकारी नोकर असल्यामुळे नियम वाचायची मला खोड आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, ११७ व्या नियमात, वेगमापकाची तरतूद आहे. ते नुसते बसवून भागत नाही, चालकाला वेग कळेल अशा जागी ते बसवलेले हवे. नियमाने जागेचा विचार केला आहे, हे मला विशेष वाटते.

आज हँडलवरची तीच मोक्याची जागा मोबाइलने घेतली आहे. रस्ता दाखवायला लावलेला तो फोन निरोपही दाखवतो, कोणाचा वाढदिवस आहे तेही सांगतो. काटा टाकीवरून डोळ्यांसमोर यायला कित्येक दशके लागली. इतक्या कष्टाने मिळवलेल्या त्या जागी आपण काय ठेवतो, हे गाडीला किक मारण्याआधी एकदा पाहून घ्यावे. मागे कोणी बसले असेल तर नक्कीच.