मोटारसायकलचा पुढील चिमटा

मोटारसायकलचा पुढील चिमटा : मोटारसायकलचे पुढचे चाक धरून ठेवणारी, त्यास दिशा देणारी व रस्त्याचे धक्के शोषून घेणारी दोन भुजांची रचना. यास फोर्क असेही म्हणतात. कारागिरांच्या बोलीत ‘पुढचे शॉकअप’ हा शब्द रूढ आहे. चाक खड्ड्यात उतरते किंवा दगडावर चढते तेव्हा चिमट्यातील स्प्रिंग दबते. दबलेली स्प्रिंग एकदम उसळू नये म्हणून तेलाच्या साहाय्याने तिच्या हालचालीस विरोध केला जातो; या क्रियेस अवमंदन म्हणतात. चाक जमिनीशी किती वेळ टेकून राहते यावर वाहनाचा ताबा व ब्रेकची परिणामकारकता अवलंबून असल्याने, खडबडीत वाटेवर चिमटा हा सुखसोयीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

इतिहास : गोटलीप डाइमलर यांच्या १८८५ च्या दुचाकीस पुढे स्प्रिंग नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी जोड-पट्ट्या व उघडी स्प्रिंग असलेले गर्डर चिमटे प्रचारात आले व १९४० पर्यंत तेच बहुतेक वाहनांवर होते. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड स्कॉट यांनी १९०८ मध्येच एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा दूरदर्शी चिमटा वापरला होता. परंतु त्यात तेलाचे अवमंदन नव्हते. ही उणीव जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आपल्या आर १२ व आर १७ या वाहनांवर भरून काढली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या मॅचलेस जी ३/एल या वाहनास १९४१ पासून असाच चिमटा होता. युद्धानंतर अल्पावधीतच गर्डर चिमटा मागे पडला. अर्नेस्ट अर्ल्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा, चाकामागे टेकू असलेला लांब भुजेचा चिमटा १९५० नंतरच्या दशकात पुढे आला व बीएमडब्ल्यूने तो १९५५ ते १९६९ या काळात वापरला.

रस्ता सोडून धावणाऱ्या शर्यतींमुळे पुढील मोठे बदल घडले. सु. १९७० पर्यंत मोटोक्रॉस वाहनांच्या पुढील चाकाची उभी हालचाल १५ ते १८ सेंमी. असे, १९८० नंतर ती सु. ३० सेंमी.पर्यंत पोहोचली. जाड नळी वर व बारीक नळी खाली असलेला उलटा चिमटा १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आला. त्याच सुमारास झडपांचा स्वतंत्र संच नळीच्या आत बसविण्यास प्रारंभ झाला.

भारतातील विकास : मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियाच्या बुलेटला दूरदर्शी चिमटा होता, म्हैसूरच्या आयडियल जावाच्या वाहनांनाही तोच होता. एस्कॉर्ट्‌सची राजदूत १७५ मात्र पोलंडमधील एसएचएल एम ११ या वाहनावर बेतलेली असल्याने तिच्या आरंभीच्या नमुन्यांना लांब भुजेचा चिमटा होता. पुढे तिलाही दूरदर्शी चिमटा आला. दूधविक्रेते व शेतकरी यांच्यात राजदूत विशेष लोकप्रिय ठरली. १९८४–८५ मध्ये आलेल्या इंड-सुझुकी, हीरो होंडा व यामाहा यांच्या १०० घ. सेंमी. वर्गातील वाहनांचे चिमटे हलके, बारीक नळीचे व मुख्यत्वे डांबरी रस्त्यासाठी होते. खडतर वाटेसाठी आखलेली वाहने भारतीय बाजारात उशिरा आली : हीरो इम्पल्स (२०११), रॉयल एनफील्ड हिमालयन (२०१६, ४१ मिमी. नळी, २०० मिमी. हालचाल) व हीरो एक्सपल्स २०० (२०१९, ३७ मिमी. नळी, १९० मिमी. हालचाल).

वऱ्हाडातील परिस्थिती : अमरावती व अकोला जिल्ह्यांतील काळी कापसाची जमीन पाण्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. अशा जमिनीवरचा रस्ता सारखा खचतो. गावापासून शेतापर्यंतच्या पांदणी पावसाळ्यात चिखलाने भरतात आणि उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या टणक होतात. पिके, खते व माणसे याच वाटेने न्यावी लागतात. चिकट माती चाक व मडगार्ड यांमध्ये भरून चाक अडते. म्हणूनच खडतर वाटेच्या वाहनांचे पुढचे मडगार्ड चाकालगत न ठेवता उंच, चिमट्याच्या खालच्या पकडीशी बसवितात. उत्तरेस मेळघाटात परतवाड्याहून चिखलदरा व धारणीकडे जाताना वळणे व चढउतार यांची भर पडते. अमरावती–अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किमी. लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्याचा जागतिक विक्रम झाला. परंतु महामार्ग सुधारला तरी पांदणीचा प्रश्न वेगळाच राहतो.

जुन्या चिमट्याची सुधारणा : जुन्या चिमट्यात तेल ठराविक छिद्रांतून वाहते. त्यामुळे सावकाश हालचालीस विरोध अपुरा व जोराच्या धक्क्यास अवाजवी होतो. ब्रेक दाबताच वाहनाचे नाक खाली जाते, तर दगडावर हात झिणझिणतात. यावर उपाय पायरीपायरीने करतात. प्रथम नळ्या सरळ आहेत का व सील गळतात का हे पाहतात. गंजाने खड्डे पडलेली नळी नवे सीलही लवकर कापते आणि गळलेले तेल ब्रेकवर गेल्यास अपघात संभवतो. धुळीपासून बचावासाठी रबरी घडीदार आवरण उपयुक्त ठरते. त्यानंतर स्वाराच्या व ओझ्याच्या वजनास योग्य अशी स्प्रिंग व योग्य दाटपणाचे तेल घालतात. तेल दाट केल्याने उसळी कमी होते, पण जोराचा धक्का अधिक कठोर होतो. हा दोष वेगानुसार उघडणारी झडप बसवून कमी करता येतो.

संपूर्ण चिमटा बदलणे हा शेवटचा उपाय होय. जाड नळी कमी वाकते. मात्र लांब चिमट्याने पुढचा भाग उचलला जाऊन सुकाणूचा कल बदलतो, वळणे जड होते व मूळ सांगाड्याच्या मानेवर अधिक ताण येतो. पुढचा भाग सुधारून मागचे शॉकअप जुनेच ठेवल्यास तोल बिघडतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसविणे ही दुरुस्ती होय. दुसऱ्या वाहनाचा चिमटा जोडणे हा मात्र बदल ठरू शकतो. एक्सपल्सचा २५० मिमी. हालचालीचा चिमटा प्रथम शर्यतींसाठी स्वतंत्र संच म्हणून मिळे. २०२२ मध्ये तो कारखान्यातूनच बसविलेली आवृत्ती आली. जुने वाहन वापरणाऱ्या वऱ्हाडातील शेतकऱ्यास हा मार्ग सहसा परवडत नाही. त्याच्या दृष्टीने सरळ नळ्या, न गळणारे सील, वजनाजोगी स्प्रिंग व वेळेवर बदललेले तेल हीच सर्वांत स्वस्त व निर्धोक सुधारणा होय.