माथेरानच्या पाऊलवाटा

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून कोंकणच्या सखल प्रदेशांत वेगळे उभे राहिलेले जे डोंगर आहेत, त्यांत माथेरान हा सर्वांच्या अधिक परिचयाचा होय. उंची सुमारें २,६०० फूट. पूर्वेस उल्हास नदीचें खोरें, पश्चिमेस प्रबळगडाचा भव्य कडा, उत्तरेस पेब ऊर्फ विकटगड आणि दक्षिणेस चौकचा मुलूख. काळ्या फत्तराच्या भिंतींवर तांबड्या जांभ्याचा सपाट माथा आणि त्यावर जांभूळ, अंजन, हिरडा यांची गर्द झाडी. माथ्यावरचें रान तें माथेरान, अशी या नांवाची फोड सामान्यतः करण्यांत येते. परंतु इतर थंड हवेच्या ठिकाणांहून यास वेगळेपणा आला आहे तो एका नियमामुळें. येथें खासगी मोटारींस मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यापाशीं गाडी सोडावयाची आणि पुढें तांबड्या धुळीची वाट धरावयाची. अशा स्थळाचा इतिहास हा वास्तविक वाटांचा इतिहास असावयास हवा होता. परंतु आजवर तो लिहिला गेला आहे तो बहुतांशीं बंगल्यांचा आणि ‘पॉइंटां’चा.

प्रचलित इतिहासाचा आरंभ १८५० सालापासून होतो. त्या वर्षाच्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे पायथ्याच्या चौक गांवीं मुक्कामास असतां, ज्यास आज वन ट्री हिल म्हणतात त्या सोंडेनें डोंगर चढून गेले. तेथील हवा त्यांस मानवली आणि पुढें माथेरानचा ‘शोध’ त्यांच्या नांवावर जमा झाला. शोध हा शब्द येथें जरा जपून वापरावयास हवा. कड्याच्या खांचेंतून वर जाणारी वाट एका दिवसांत पडत नाहीं; तिला पिढ्यान् पिढ्यांचीं पावलें लागतात. ठाकूर, कातकरी व धनगर या लोकांचा या रानाशीं व्यवहार साहेबाच्या येण्याची वाट पाहत थांबलेला नव्हता. लांकूडफाटा, मध, हिरडा, गुरांची चराई यांसाठीं ते चढत-उतरत होते. तळ्याकांठच्या पिसरनाथास हा डोंगर आजही आपलें ग्रामदैवत मानतो. मॅलेट यांनीं केलें तें इतकेंच कीं, जें स्थळ पायथ्याच्या लोकांस ठाऊक होतें, तें त्यांनीं सरकारास ठाऊक करून दिलें. हें कार्य लहान नव्हे. पण त्यास शोध म्हणतां येत नाहीं.

यानंतरचीं पावलें जलद पडलीं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं येथें आपला बंगला बांधविला. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत पोहोंचली आणि मुंबईकरांस नेरळ हें या डोंगराचें दार झालें. झाडी तोडून रस्ते आंखले गेले, कड्यांच्या टोंकांस लुइझा, अलेक्झांडर, गार्बट अशीं नांवें मिळालीं, आणि तळेंही शार्लटच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. पुढें सर आदमजी पीरभाय यांनीं १६ लाख रुपये खर्चून नेरळपासून वर दोन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधविला. तो १९०७ सालीं सुरू झाला. सुमारें १३ मैलांची ही वाट वळणें घेत घेत चढते. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें हा मार्ग इतका उद्ध्वस्त केला कीं, गाडी पुन्हां धांवावयास २००७ साल उजाडावें लागलें. त्या अवधींत माणसें डोंगर चढावयाचीं थांबलीं नाहींत, हें मात्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

नकाशावरील हीं परकीं नांवें वाचून ज्यांचा असा समज होत असेल कीं, या डोंगरानें स्वतःचें असें माणूस घडविलेंच नाहीं, त्यांनीं विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचें चरित्र पाहावें. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानास एका गरीब नाभिक कुटुंबांत झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. परंतु त्यांचें लक्ष माथ्यावरील बंगल्यांपेक्षां पायथ्याच्या झोंपड्यांकडे अधिक होतें. आसपासच्या खेड्यांत त्यांनीं शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारीं जावें लागूं नये म्हणून शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या उघडल्या. १९४२ च्या आंदोलनांत त्यांच्या आझाद दस्त्यानें विजेचे मनोरे पाडून मुंबईस जाणारी वीज तोडली. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. ज्या वाटांनीं पाहुणे सूर्यास्त पाहावयास जात, त्याच मुलखाच्या वाटांनीं हा वकील धान्याचा आणि स्वातंत्र्याचा हिशेब मांडीत हिंडला.

येथें आपण मूळ प्रश्नापाशीं येतों. माथेरान हा पायीं चालणाऱ्यांचा डोंगर, असें आपण अभिमानानें म्हणतों. पण सर्वांचें चालणें एकाच जातीचें नव्हतें. पाहुण्याचें चालणें ही करमणूक होती, आणि ज्यास चालावयाचें नसे त्यास वाहून नेणें ही दुसऱ्याची उपजीविका होती. मोटारींवरील बंदीमुळें रानाची शांतता राखली गेली, हें खरें; परंतु त्या शांततेचा एक भाग हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातींवर तोलला गेला होता. चढावर एक माणूस पुढें ओढीत आहे, दुसरे मागून रेटीत आहेत आणि आंत बसलेला निसर्गशोभा पाहत आहे, या दृश्यास आपण शतकभर ‘जुन्या काळची मौज’ म्हणत आलों. ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांस विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या योजनेंत सामावून घेण्याचा आदेश दिला. कोणी म्हणतील कीं, एक चाक आलें म्हणजे दहा येतील. ही भीति निराधार नाहीं. २००३ सालीं केंद्र सरकारनें हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला तो याच भीतीपोटीं. तथापि रान वांचवावयाचें तर त्याचें मोल माणसाच्या पाठीनेंच कां द्यावें, याचें उत्तर त्या आक्षेपांत मिळत नाहीं.

ज्यास माथेरान समजून घ्यावयाचें आहे, त्यानें बाजारपेठेतून निघून कड्यावर उभें राहून परत फिरूं नये. गार्बटच्या सोंडेनें भिवपुरीकडे उतरावें, किंवा वन ट्री हिलकडून चौकच्या बाजूस जावें. वाटेंत डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया भेटतील. त्यांस वाट द्यावी, कारण ती आधीं त्यांची आहे. दक्षिणेस इर्शाळगडाचा सुळका दिसेल. त्याच्या पोटाशीं असलेल्या ठाकरांच्या वाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली आणि झोंपेंतच घरेंच्या घरें मातीखालीं गेलीं. वरून पाहणाऱ्यास जें हिरवें व मनोहर दिसतें, तें खालीं राहणाऱ्यास पावसाळ्यांत किती कठोर होतें, याची जाणीव ज्यास वाटेवर झाली, त्याची सहल व्यर्थ गेली असें म्हणतां येणार नाहीं.