मुक्तस्रोत समुदाय आणि देखभालीचे अर्थकारण : मराठी संगणनाच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या गावातील महाविद्यालयात संगणक आला, तेव्हा त्याच्याबरोबर इंग्रजी पडदा आला आणि मराठी मजकुरासाठी एक वेगळा फाँट विकत घ्यावा लागला. एका कंपनीच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला प्रबंध दुसऱ्या संगणकावर उघडल्यास केवळ निरर्थक चिन्हे दिसत. एम.फिल., पीएच.डी.चे काम त्या काळात केलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला हा अनुभव आहे. युनिकोडच्या प्रसारामुळे ही अडचण आज बरीचशी सरली. ती सरण्यात मोठ्या कंपन्या व शासकीय संस्था यांच्याइतकाच काही लहान स्वयंसेवी गटांचाही वाटा होता. या गटांचा खर्च कोणी सोसला आणि त्यांचे काम पुढे का टिकले नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते असे सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स आला आणि १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' ही संज्ञा रूढ झाली. परवाना मुक्त असला तरी श्रम फुकट नसतात, हे या चळवळीच्या इतिहासात वारंवार दिसते. आपल्याकडे देवालय बांधणारा दाता दिवाबत्तीसाठी वेगळी इनाम जमीन लावून देत असे. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, तेल मात्र रोज लागते, याची त्याला जाणीव होती. सॉफ्टवेअरच्या दात्यांना ही जाणीव फार उशिरा झाली.

व्यक्तीवर उभा राहिलेला समुदाय :

भारतातील मुक्तस्रोत चळवळीचा विचार करताना अतुल चिटणीस यांचे नाव टाळता येत नाही. जन्म १९६२ चा, बर्लिनमधला. वाढले मात्र बेळगावात. 'पीसी क्वेस्ट' मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सची सीडी देण्यास प्रारंभ केला, त्या उपक्रमामागे ते प्रामुख्याने होते. इंटरनेटचा वेग अत्यल्प असताना लहान शहरांतील वाचकापर्यंत संपूर्ण संगणकप्रणाली पोहोचण्याचा तो एक व्यवहार्य मार्ग होता. २००१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'लिनक्स बंगलोर' परिषद सुरू केली. २००५ मध्ये तिचे नाव 'फॉस डॉट इन' झाले. परिषद स्वयंसेवक चालवीत आणि खर्च प्रायोजक कंपन्यांकडून मिळे. २०१२ ची परिषद शेवटची ठरली आणि ३ जून २०१३ रोजी चिटणीस यांचे निधन झाले. प्रायोजक परिषदेला पैसा देतो, परिषद संपल्यावर तो पैसाही संपतो. दोन परिषदांमधील वर्षभराचे काम कोणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही. परिषदेमागील ज्ञान आणि संबंध एका व्यक्तीभोवती गुंफलेले असतील, तर त्या व्यक्तीनंतर ते हस्तांतरित करणारी यंत्रणा लागते. ती येथे निर्माण झाली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठी स्थानिकीकरण व नोकरीचा आधार :

२००० च्या सुमारास मुंबईत 'इंडलिनक्स' हा गट उभा राहिला आणि भारतीय भाषांतील संगणक-पडद्याचे काम सुरू झाले. दिल्लीच्या 'सराय' या संशोधन-उपक्रमाने अशा कामाला काही काळ आश्रय दिला. मराठीच्या बाबतीत मात्र खरा आधार ठरला तो पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या भाषा-विभागाचा. २००४ मध्ये या कंपनीने 'लोहित' फाँट मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'फ्यूएल' उपक्रमात पडद्यावरील नित्याच्या शब्दांसाठी भाषावार प्रतिशब्द ठरविण्यात आले. फाईलला 'फाईल'च म्हणावे की 'संचिका', असे वाद येथे भाषातज्ज्ञ व वापरकर्ते एकत्र बसून सोडवीत. विद्यापीठीय परिभाषा-समित्यांनी या पद्धतीकडे पाहावयास हवे होते.

या कामाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. ग्नोमसारखी प्रणाली दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते. तिच्या पडद्यावर हजारो वाक्ये असतात. प्रत्येक आवृत्तीत काही नवी येतात, काही बदलतात. आज संपूर्ण असलेले मराठी भाषांतर दोन वर्षे कोणी हात न लावल्यास अपुरे होते आणि मराठी पडद्यावर मध्येच इंग्रजी वाक्ये डोकावू लागतात. पुस्तकाचे भाषांतर एकदा छापले की ते पूर्ण. सॉफ्टवेअरचे भाषांतर कधीच पूर्ण होत नाही. पगारी भाषांतरकाराची बदली वा नोकरीबदल झाला की काम विद्यार्थी-स्वयंसेवकांवर येते. लातूर-नांदेडकडचा होतकरू विद्यार्थी पदवीनंतर पुण्या-बंगळुरूकडे जातो, आणि नव्या नोकरीत या कामाला वेळ उरत नाही. त्याला दोष देता येणार नाही.

याउलट केरळातील 'स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग' हा गट २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू होऊन आजही कार्यरत आहे. तेथेही काम बहुतांश स्वयंसेवीच आहे. पण गटाला नोंदणीकृत संस्थेचे रूप मिळाले, आणि राज्यातील शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारल्यामुळे फाँट व कळफलक वापरणारा मोठा वर्ग जवळ राहिला. मराठीला असा शालेय आधार मिळाला नाही.

नोंदणीचा प्रश्न :

हा मुद्दा वरवर तांत्रिक वाटेल. नॅकच्या निमित्ताने माजी विद्यार्थी संघाची नोंदणी केलेल्या प्राध्यापकांना मात्र तो लगेच कळेल. नोंदणी नसलेल्या गटाला स्वतःच्या नावाने बँक खाते सहसा उघडता येत नाही. देणगी एखाद्या सदस्याच्या खात्यात जाते आणि कराचा व संशयाचा भारही त्याच्यावरच पडतो. १८६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ८, यांपैकी एक मार्ग निवडला तरी दरवर्षी लेखापरीक्षण व विवरणपत्रे आलीच. परदेशी देणगीसाठी २०१० च्या कायद्यानुसार वेगळी नोंदणी लागते. २०२० च्या सुधारित नियमांनुसार त्यासाठी संस्थेला किमान तीन वर्षे झालेली असावीत आणि मागील तीन वर्षांत मुख्य कार्यावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावेत, अशी अट आहे. पाच-सात भाषांतरकारांच्या गटाने १५ लाख कोठून खर्चावेत? ज्यांना पैशाची गरज आहे, त्यांना तो घेण्याची पात्रता मिळविण्यासाठीच आधी पैसा लागतो.

शासकीय योजनांचा मार्ग वेगळा. २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या निधीतून मुंबई आयआयटीचे 'फॉसी' व 'स्पोकन ट्यूटोरियल' हे प्रकल्प उभे राहिले. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील त्यांचे ध्वनिचित्रपाठ ग्रामीण महाविद्यालयांना उपयुक्त ठरले, याबद्दल दुमत नसावे. तथापि हा आधार मोठ्या संस्थेलाच मिळू शकतो.

अलीकडील घडामोडी :

दुरुस्तीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत जगाला २०१४ मध्ये कळली. जगभरातील संकेतस्थळांची सुरक्षा ज्यावर अवलंबून होती, त्या 'ओपन एसएसएल'मध्ये गंभीर दोष आढळला. त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या साधनात कोणीतरी हेतुपुरस्सर घुसविलेला घातक भाग उघडकीस आला. तेथे थकलेल्या एकट्या देखभाल करणाऱ्याचा विश्वास संपादन करून हे कृत्य करण्यात आले होते.

भारतात २०२० मध्ये झेरोधा व मुंबईची फ्रॅपे या कंपन्यांच्या पाठबळावर 'फॉस युनायटेड' ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि लहान शहरांतही तिच्या बैठका होऊ लागल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये झेरोधाने 'फ्लॉस फंड' जाहीर केला. वर्षाला दहा लाख डॉलर, तेही नव्या कल्पनांऐवजी आधीपासून वापरात असलेल्या प्रकल्पांसाठी, हे त्याचे वैशिष्ट्य होय. अर्ज करणाऱ्या प्रकल्पाने आपली गरज, रक्कम व पैसा स्वीकारण्याचा मार्ग एका ठरावीक नमुन्यातील फाईलमध्ये जाहीर करावयाचा असतो. मराठी भाषांतराच्या बाबतीत ती फाईल भरायला बसल्यास पहिल्याच रकान्यापाशी, म्हणजे प्रकल्पाच्या वतीने कोण बोलणार येथेच, लेखणी थांबते. मराठवाड्यातील एखादा मराठी विभाग व संगणकशास्त्र विभाग यांनी मिळून तो रकाना भरण्यास कायद्याची आडकाठी नाही. महाविद्यालय चालविणारी संस्था नोंदणीकृतच असते आणि तिचे लेखापरीक्षणही दरवर्षी होते.