पर्वतीय शॅमेलिऑन : बंदिवासातील संगोपन

पूर्व आफ्रिका, कॅमेरून आणि मादागास्कर येथील उंच, धुकट जंगलांत राहणाऱ्या शॅमेलिऑन सरड्यांना पाळणाऱ्यांच्या बोलीत ‘पर्वतीय’ म्हणतात. प्राणिशास्त्रात असा गट नाही. कॅमेरूनचा चार शिंगांचा *ट्रायोसेरॉस क्वाड्रिकॉर्निस*, केनियाचा *ट्रायोसेरॉस होह्नेली* आणि उसंबारा डोंगरातील *किन्योंगिया*च्या जाती यांना एकत्र आणते ती त्यांची हवा : दिवसा सौम्य ऊन, रात्री गारठा. सर्वांत जास्त पाळला जातो तो जॅक्सनचा शॅमेलिऑन (*ट्रायोसेरॉस जॅक्सोनी*). पुढील वर्णन मुख्यतः त्याचे आहे.

बूलेंजर यांनी १८९६ मध्ये या जातीचे वर्णन केले. नाव पडले ते पक्षिनिरीक्षक व ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील प्रशासक फ्रेडरिक जॅक्सन यांच्यावरून. नराच्या नाकावर एक आणि डोळ्यांपुढे दोन अशी तीन शिंगे असतात. माउंट केनियाच्या परिसरातील पिवळ्या तुऱ्याची *झँथोलोफस* ही उपजाती सर्वांत मोठी, टांझानियातील माउंट मेरूची *मेरुमॉन्टानस* सर्वांत लहान. वावर साधारण १,५०० ते २,४०० मी. उंचीवर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) या पट्ट्याच्या तळाशीच येईल.

तापमान. सरडा म्हणजे उष्णतेचा प्राणी, या समजुतीने सर्वाधिक पर्वतीय शॅमेलिऑन मारले आहेत. जॅक्सनला दिवसा २१° ते २६° से. पुरते. सकाळी तो अंग गडद करून, कुशी चपट्या करून उन्हाला लागतो, तेवढ्यासाठी एका फांदीवर २८° से.च्या आसपास तापणारा दिवा काही तास ठेवतात. मात्र रात्री पारा १०° ते १६° से.पर्यंत उतरायला हवा. दिवसभर चढलेला शरीरव्यापार या थंडीत मंदावतो आणि प्राण्याला खरी विश्रांती मिळते. हिवाळ्यात खिडकी किलकिली ठेवून हे साधते. उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय गत्यंतर नसते. मुंबईत मे महिन्यातली रात्र याच्या दुपारपेक्षा उकाड्याची असते. रंग फिका पडणे आणि तोंड उघडे ठेवून बसणे ही उष्णतेच्या त्रासाची लक्षणे होत. पारा ३२° से.च्या वर टिकला तर जीव जाऊ शकतो. थंडीपेक्षा उकाड्याला जपावे, हे एवढे कळले तरी निम्मे काम झाले.

पिंजरा व पाणी. काचपेटीत हवा कोंडते. म्हणून जाळीचा उभा पिंजरा वापरतात. प्रौढासाठी ६० × ६० × १२० सेंमी. हे रूढ माप आहे. आत वेलाच्या, बोटांत मावतील अशा फांद्या आणि मनीप्लांट, जास्वंद, फायकस यांसारखी जिवंत झाडे लावतात. वाटीतले साचलेले पाणी हे प्राणी सहसा ओळखत नाहीत. पानांवरचे थेंब चाटतात. त्यामुळे पहाटे व सायंकाळी तुषार फवारतात, दिवसा ठिबकणारी नळी लावतात. रात्री हवा दमट आणि दिवसा पाने वाळलेली, हा डोंगराचा क्रम आहे. तो उलटला, म्हणजे उष्ण हवेत सतत ओल राहिली, तर श्वसनाचे विकार जडतात. खोल गेलेले डोळे आणि विष्ठेसोबतचा नारिंगी युरेट ही पाणी कमी पडल्याची खूण. निरोगी युरेट पांढरा असतो. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा. दोघे भांडत नसले तरी नुसते एकमेकांच्या नजरेस पडूनही खंगतात.

प्रकाश व खाद्य. काच अतिनील-ब किरणे अडवते, म्हणून खिडकीतल्या उन्हाने भागत नाही. नळीच्या आकाराचा अतिनील दिवा लागतो. खाद्य म्हणजे रातकिडे, झुरळे, रेशीमकिडे. त्यांना आधी हिरवा पाला खाऊ घालून मग देतात. कॅल्शियम कमी पडले तर हाडे मऊ होतात हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पर्वतीय जातींत उलट चूकही तितकीच आढळते. जीवनसत्त्व अ व ड३ यांची भुकटी दर खेपेस चोपडली की गळ्याभोवती पाण्याची सूज चढते. साधे कॅल्शियम चिमूटभर, जीवनसत्त्वे महिन्यातून एकदोनदा, हा आता रूढ झालेला बेत आहे. जबड्याच्या कोपऱ्यातील ग्रंथीत अन्नकण अडकून पू होणे हा जॅक्सनचा नेहमीचा आजार.

प्रजनन. आपल्याकडचा घोयरा सरडा जमीन उकरून अंडी घालतो. जॅक्सनची मादी मात्र ८ ते ३० पिल्ले देते. गार मातीत अंडी उबायला फार काळ लागेल. मादी ती पोटात घेऊन उन्हाला बसते. गर्भकाळ पाच ते नऊ महिन्यांचा. पिल्ले पातळ पडद्यात गुंडाळलेली फांदीवरून खाली पडतात आणि पडदा फाडून लगेच चालू लागतात. यातून व्यापारात एक सोयीस्कर गोंधळ होतो. जंगलात फळलेली मादी दुकानात व्याली की तिची पिल्ले ‘बंदिवासात जन्मलेली’ म्हणून विकता येतात, आणि जंगलावरचा भार लपतो. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सीआयटीईएस करारात (ही जात परिशिष्ट दोनमध्ये आहे) बंदिवासात पैदा केलेल्यांना ‘सी’ आणि नुसत्या जन्मलेल्यांना ‘एफ’ असे वेगळे संकेत आहेत ते म्हणूनच. भारतात परिशिष्टातील असे विदेशी प्राणी बाळगणाऱ्यास वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीनंतर नोंदणी करावी लागते; घोयरा पाळणे तर बेकायदाच आहे.

हवाई बेटे. १९७२ मध्ये ओआहू बेटावरील कानेओहे येथे एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने केनियातून काही डझन जॅक्सन आणवले. प्रवासाने ते सुकून गेले होते, म्हणून त्याने सावरावेत या हेतूने त्यांना घरच्या बागेत सोडले. ते सावरले आणि निघून गेले. कूलाऊ डोंगराचा दमट उतार त्यांना मानवला. आज ते इतर बेटांवरही आहेत, आणि त्यांच्या पोटात स्थानिक वृक्षगोगलगायी सापडल्या आहेत. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर त्यांना नेण्यास आता मनाई आहे. अमेरिकेच्या बाजारात मिळणारे पुष्कळसे जॅक्सन याच बागेतल्यांचे वंशज आहेत.