वर्ध्याची छोटी पत्रे आणि त्यांनी घडविलेले मोठे वाद

१/ मोठा छापखाना नाही, भांडवलदार मालक नाही, जाहिराती नाहीत. तरीही १९२३ ते १९४२ या काळात वर्धा आणि त्याच्या परिसरातील काही माणसे नियमितपणे लिहीत राहिली आणि त्या लेखनाने देशाची वृत्तपत्रे, मराठी गद्य आणि शाळेचे वेळापत्रक या तिन्हींना धक्का दिला. हा थ्रेड त्या लेखनाविषयी.

२/ आरंभ विनोबांपासून. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा आश्रम चालविण्यासाठी वर्ध्यास आले. जानेवारी १९२३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मासिक सुरू केले. उपनिषदांवरील त्यांचे लेखन त्यातच प्रथम आले. त्याच वर्षी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना अटक झाली आणि मासिक थांबले.

३/ सुटकेनंतर १९२४ मध्ये ‘महाराष्ट्र धर्म’ साप्ताहिक झाले. मासिकातील लेखाला विस्ताराची मुभा असते. साप्ताहिकाला ती नसते. दर आठवड्याला एक विचार थोडक्यात आणि वाचकाला पेलेल अशा भाषेत मांडावा लागे. त्या शिस्तीतून विनोबांचे लहान वाक्यांचे, घरगुती दृष्टांतांचे गद्य घडले. त्यांतील निबंध पुढे ‘मधुकर’ या पुस्तकात संगृहीत झाले.

४/ दुसरे पत्र ‘हरिजन’. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून त्याचा पहिला अंक निघाला, तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. किंमत एक आणा. त्यांनी पहिल्या अंकासाठी डॉ. आंबेडकरांकडे संदेश मागितला. आंबेडकरांनी संदेशाऐवजी स्पष्ट मतभेद कळविला : जातिव्यवस्था आहे तोवर अस्पृश्यता राहणारच. तो मतभेद त्याच अंकात छापला गेला.

५/ ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास गेले. हेच गाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. महादेवभाई देसाई मात्र वर्ध्यातील मगनवाडीत राहत आणि तेथून सेगावपर्यंत पायी ये-जा करीत. एका दिवसाची ही रपेट सुमारे अकरा मैलांची. विदर्भाच्या उन्हाळ्यातही त्यात खंड नसे. ‘हरिजन’चा मजकूर असा चालत तयार होई, छपाई वर्ध्याबाहेर होत असे.

६/ या पत्रात जाहिराती घेत नसत. परिणाम सरळ होता. जाहिरातदाराची नाराजी पत्करण्याचे भय नाही, परंतु पत्र जगायचे ते केवळ वाचकांच्या वर्गणीवर. म्हणून वाचकाच्या पत्राला मोल आले. गांधीजींचे कितीतरी लेख एखाद्या वाचकाच्या शंकेपासून सुरू होतात. १९४० मध्ये तर ‘प्रश्नपेटी’ असे स्वतंत्र सदरच चालू होते.

७/ याच १९३६ सालच्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणासाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना बोलाविले होते. लिखित भाषण वाचून संयोजक बिचकले, काही भाग वगळा म्हणाले. आंबेडकरांनी नकार दिला आणि परिषद रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. १५०० प्रती, किंमत आठ आणे. दोन महिन्यांत आवृत्ती संपली.

८/ गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले. मंडळाने भाषण नाकारणे चूक होते असे सांगून त्यांनी सुधारकांना ते वाचण्याची शिफारस केली. किंमत दोन, निदान चार आणे असावी असेही सुचविले. त्यानंतर त्यांनी वर्णाची बाजू घेत आंबेडकरांचे म्हणणे खोडण्याचा प्रयत्न केला.

९/ आंबेडकरांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे लेख छापले आणि त्यांखाली आपले सविस्तर उत्तर दिले. ज्याला सभामंच नाकारला गेला, त्याच्याच पुस्तकात आज दोन्ही बाजू एकत्र वाचता येतात. गांधीजींकडे साप्ताहिक आणि देशभरचा वाचकवर्ग होता. आंबेडकरांकडे स्वतःच्या खिशातून छापलेली पुस्तिका होती. ही विषमता विसरून हा वाद वाचू नये.

१०/ आता शाळा. १९३७ च्या उत्तरार्धात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. लेखांवर टीका झाली, तिला उत्तरे दिली गेली आणि २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. काँग्रेस प्रांतांचे शिक्षणमंत्री तेथे होते. साप्ताहिकातील वाद तीन महिन्यांत धोरणाच्या उंबरठ्यावर आला.

११/ डॉ. झाकिर हुसेन समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला : सात ते चौदा वयाच्या मुलांना मोफत, सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून. दिवसाच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला, मातृभाषेला ४० मिनिटे. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च काढण्याच्या कल्पनेला अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच विरोध केला. तो आक्षेप निराधार नव्हता. सूत विकून शाळा चालवायची ठरली, तर शिक्षकाचे लक्ष मुलावर राहील की चातीवर?

१२/ कसोटीचा क्षण १९४० चा. १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. दुसऱ्याच दिवशी सरकारची सूचना आली : सत्याग्रहाविषयीचा मजकूर दिल्लीच्या अधिकाऱ्याला दाखविल्याशिवाय छापू नये. दोन मार्ग होते. गाळून छापावे, किंवा थांबावे. गांधीजींनी इंग्रजी, हिंदी व गुजराती अशी तिन्ही साप्ताहिके बंद केली.

१३/ वाचकांना त्यांनी सांगितले की आता प्रत्येकाने स्वतःच चालतेबोलते वृत्तपत्र व्हावे; बातमी तोंडोतोंडी पोहोचवावी, परंतु खात्री करूनच. जानेवारी १९४२ मध्ये पत्रे पुन्हा निघाली, ऑगस्टमध्ये सरकारने ती बंद पाडली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई आगाखान पॅलेसमध्ये कैदेत वारले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘हरिजन’ परतले, ते त्यांच्याविना.

१४/ आज खिशातल्या फोनवरून कोणीही लिहू शकतो. छापखान्याची अडचण संपली आहे. वर्ध्याच्या या पत्रांसमोरचे प्रश्न मात्र तसेच उरले आहेत : खर्च कोण सोसतो, विरोधकाचे म्हणणे पूर्ण छापले जाते का, आणि गाळून लिहिण्याची अट आली तर लेखक काय करतो?