बल्लारशाहून आलेली गाठोडी

मंचेरियलच्या आपल्या घरांत उन्हाळा संपत आला की एकच चौकशी असे : गावाकडून वाळवण कोण आणतोय? कुरडया, सांडगे, काळा मसाला इथे होत नव्हते असे नाही, पण आईच्या हातचे ते निराळेच.

आज आपण ज्याला दुसरे राज्य म्हणतो, ते आपल्या आजोबांच्या काळी तसे नव्हते. राजुरा आणि किनवट हे तालुके तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राजुऱ्याची लेक मंचेरियलला दिली, तर ती लांब गेली असे कोणी मानत नसे. खरी सरहद्द वर्धा नदीची. पलीकडे इंग्रजांचा चांदा, अलीकडे निजामाचे राज्य. 1929 साली काझीपेट-बल्लारशा रेल्वे पुरी झाली आणि गाठोडी गाडीतून येऊ लागली, तरी वाटेत करोडगिरी होतीच. बाहेरून येणाऱ्या मालावर साधारण शेकडा पाच जकात. निजामाची टपाल तिकिटे राज्याबाहेर चालत नसत. नाणेही वेगळे : सुमारे 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार. चांद्याच्या बहिणीला भाऊबीज पाठवायची, तर आधी हिशेब मांडायचा!

1 नोव्हेंबर 1956 ला सारे उलटे झाले. राजुरा, किनवट मुंबई राज्यात गेले, मंचेरियल आंध्र प्रदेशात राहिले. नांदेडकडचे मुधोळ, भैंसा मात्र आदिलाबादला जोडले गेले. राजुरा आधी नांदेड जिल्ह्यात आणि 1959 साली चांद्यात गेला. जकातीचे नाके इतिहासजमा झाले, हाली रुपयाही गेला, आणि नेमके तेव्हाच माहेर परराज्यात गेले. आमच्या मते इथून पुढे गाठोड्यांचे वजन वाढले. नदीपलीकडची मुले मराठीत शिकत होती, आपली तेलुगूत. मग मसाल्याच्या डब्याशेजारी बालभारतीची जुनी पुस्तके येऊ लागली, आणि 1973 नंतर दरवर्षी 'कालनिर्णय'. पापड ज्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेले असत, तेही घडी मोडून, तेलाच्या डागांसकट वाचले जाई. बातमी महिन्यापूर्वीची असली तरी बिघडत नसे.

इकडूनही रिकामी पिशवी कधी गेली नाही. आवकाय लोणच्याची बरणी, बारीक तांदूळ, निर्मलची रंगीत लाकडी खेळणी. पहिल्या वर्षी आवकाय खाऊन ठसका लागलेले पाहुणे पुढच्या वर्षी दोन बरण्या मागत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

परदेशी राहणारे फिलिपिनो लोक घरी मोठमोठी खोकी भरून पाठवतात, त्यांना ते 'बालिकबायन' खोकी म्हणतात. आपल्या गाठोड्यांना असे नाव कधी पडले नाही. आता आपली मुले पुण्याला, हैदराबादला, काही अमेरिकेत आहेत. कुरडया कुरिअरने जातात आणि बऱ्याचदा चुरा होऊन पोचतात.

कोणाच्या घरी जुनी रेल्वे-पार्सलाची पावती, हाली नाणे किंवा गाठोड्यातून आलेली चिठ्ठी जपलेली असेल, तर ती गणपतीच्या दिवसांत मांडवात दाखवायला जरूर आणावी.