कमळाचं बी कापून पाहा

साल 1788. तुम्ही जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, काल्व गावात आहात. समोरच्या टेबलावर बियाच बिया. काही इंग्रज निसर्गतज्ज्ञ जोसेफ बँक्सच्या संग्रहातल्या, काही जपान फिरून आलेल्या वनस्पतितज्ज्ञ थुनबर्गच्या. टेबलामागे डॉक्टर योसेफ गेर्टनर. सूक्ष्मदर्शकावर वर्षानुवर्षं ताणून त्यांचे डोळे अधू झालेत. फळं आणि बिया यांवरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड याच वर्षी निघालाय.

सुरी घ्या. आधी कुमुदिनीचं इवलंसं बी. आत बहुतेक सगळा पांढरा, पिठूळ अन्नसाठा. गर्भ एका टोकाला, शोधावा लागेल इतका लहान. आता कमळाचं. कवच कठीण, जरा जोर लावा. उकललंत? पिठूळ साठा नाहीच. दोन जाड, मांसल दलं आणि त्यांच्या मध्ये दुमडलेल्या पानांचा हिरवागार कोंब, जणू आईच्या पोटातच केस-नखांसकट वाढलेलं मूल.

वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनीअसने 1753 मध्ये कुमुदिनी आणि कमळ या दोघांना एकाच वंशात घातलं होतं. साहजिकच होतं: तळं तेच, गोल पानं तशीच, पाकळ्यांचा डौलही तोच. गेर्टनर मात्र फळ उघडून बघतात आणि कमळाला 'निलंबो न्यूसिफेरा' असं वेगळं नाव देतात. आपल्या नाचणीचा 'इल्युसिने' हा वंशही त्यांनी याच खंडात मांडलाय. तिथेही खूण दाण्यातच: तिच्या दाण्यावरचं पातळ साल गव्हासारखं चिकटलेलं नसतं, सुटं असतं.

आता 1993 मध्ये या. सुमारे 500 वनस्पतींच्या एका जनुकाची तुलना छापून आलीय. त्यात कमळ कुमुदिनीपासून कोसो दूर पडलंय. त्याचे जवळचे नातलग जमिनीवरचे वृक्ष निघालेत: चिनार आणि रस्त्याकडेला लावतात त्या सिल्व्हर ओकचं कुळ. पानाफुलांतलं साम्य रक्ताच्या नात्याचं नव्हतं, पाण्यातल्या जगण्यातून आलेलं होतं. बी ते सांगत होतं. कुणीतरी ते कापायला हवं होतं.

उपासाला कमळाचं बी समजून भाजता तो मखाणाही कमळाचा नव्हे. तो कुमुदिनीच्या कुळातला, आणि त्याची लाही फुलते ती त्याच पिठूळ साठ्यामुळे. तेव्हा झाडांची नाती लावताना फुलावर थांबू नका. एखादं बी भिजवा, उभं कापा आणि साधं भिंग घेऊन आत बघा.